अर्धा वाटा

"एकच घ्यायचा," मागून कोणीतरी म्हणालं. "तुझा अर्धा वाटा आहे ना? अर्ध्याला एकच."

रोझविथा लेनिगच्या दोन्ही हातांत एकेक नवलकोल होता. तिने वळून पाहिलं. पस्तिशीचा, दाढीवाला माणूस, पायात चपला, गळ्यात दोरीला लटकवलेलं पेन. भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवून तो अगदी गोड हसत होता, आणि ते हसणंच तिला जास्त लागलं. चोरी पकडली गेल्यासारखे तिचे कान तापले. तिने यादी वाचली होती. चष्मा पिशवीत ठेवून वाचली होती, एवढंच. एक नवलकोल तिने क्रेटमध्ये परत ठेवला, तर तो म्हणाला, "अगं, काही हरकत नाही, पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं. मी टॉर्बन. तू?" तू. सहासष्ट वर्षांच्या बाईला, ओळख नाही पाळख नाही, सरळ तू. जमीन मोजणीच्या कार्यालयात ती बेचाळीस वर्षं नकाशे आखत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना निवृत्तीच्या दिवसापर्यंत ती 'तुम्ही' म्हणत आली होती आणि त्यात दोघींनाही कधी काही तुटक वाटलं नव्हतं. "लेनिग," ती म्हणाली. "नाही नाही, नाव," टॉर्बन म्हणाला. "इथे आम्ही सगळे नावानेच." मग तिने नाव सांगितलं, आणि ते सांगताना आपल्या अंगावरचा कोट कोणीतरी न विचारता उतरवून खुंटीला टांगतंय असं तिला वाटलं.

लाइपझिगच्या पश्चिमेकडच्या वस्तीतली ती जागा पूर्वी सायकल दुरुस्तीचं दुकान होती. मागच्या अंगणातून आत शिरायचं. भिंतीला वंगणाचे जुने डाग, खाली क्रेट, मध्ये एक काटा. दर गुरुवारी शेतावरून भाजी यायची आणि ज्याने त्याने आपला वाटा आपणच तोलून घ्यायचा. विकणारा कोणी नाही, घेणारा कोणी नाही. अशी दोनशे तीस घरं मिळून एक शेत सांभाळत होती. वर्षभराची वर्गणी आधीच ठरलेली, मग शेत देईल ते आणि देईल तेवढं. हे सगळं तिला तिच्या मुलीने, आंट्यने, मार्चमध्ये वाढदिवसाला भेट म्हणून दिलं होतं. हॅम्बर्गहून आली, केक आणला आणि पाकिटातून एक कार्ड काढून म्हणाली, "आई, तू मंडईतून तीच तीन गाजरं आणतेस आठवडाभर. आता जरा बाहेर पडशील, माणसं भेटतील. आणि तू शेतकऱ्याचीच मुलगी ना!" रोझविथाने कार्ड वाचलं. वर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपलं शेत'. ती म्हणाली, "किती छान." केक कापताना तिचा सुरीवरचा हात जरा जड पडला, पण ते आंट्यच्या लक्षात आलं नसावं.

आपलं शेत. हे दोन शब्द तिने लहानपणी एका गाडीवरच्या भोंग्यातून ऐकले होते. एकोणीसशे साठचा वसंत, ती सात वर्षांची व्हायची होती. पूर्व जर्मनीचं सरकार तेव्हा शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत घेत होतं, आणि आठ दिवस ती गाडी त्यांच्या दारासमोर उभी राहून दिवसभर बोलत होती. "एर्हार्ड लेनिग, सगळं गाव आलं, तूच का मागे? आपलं शेत, आपली मशिनं, आपलं भविष्य!" त्या भोंग्यालाही 'तुम्ही' म्हणायला येत नव्हतं. आई खिडक्या बंद करायची, कोंबड्या बावचळून अंडी द्यायच्या थांबल्या होत्या. नवव्या दिवशी दोन माणसं स्वयंपाकघरात येऊन बसली, आणि बाबांनी सही केली. चौदा हेक्टर, दोन घोडे, अकरा गाई. रोझविथा बाकावर बसून पाय हलवत होती. सही झाल्यावर बाबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन ज्याचं होतं त्याला परत दिलं, 'आभारी आहे' म्हणून. त्या आभारांबद्दल तिने त्यांना कधीच माफ केलं नव्हतं. पुढच्या वर्षी बांधावरचे हद्दीचे दगड निघाले, ओढ्यापासून जंगलापर्यंत एकच काळं रान झालं, आणि बाबा सकाळी सहाला टोळीबरोबर ट्रेलरमध्ये बसून स्वतःच्याच शेतात कामाला जाऊ लागले. आपण नकाशे आखायला का शिकलो, असं कोणी तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, अक्षर सुंदर होतं म्हणून. खरं कारण तिला चाळिशीनंतर कळलं. बर्लिनची भिंत पडल्यावर जमिनी परत मागता येऊ लागल्या तेव्हा गावाचा तो भाग नेमका तिच्याच टेबलावर आला. तिने जुनी मापं काढली, एकेक कोन तपासला, चौदा हेक्टर रेघेरेघेने पुन्हा उभे केले आणि एक प्रत रविवारी बाबांना नेऊन दिली. बाबांनी ती टेबलावर पसरली, म्हणाले, "छान काढलंयस," आणि घडी करून कपाटावर ठेवून दिली. जमीन त्यांनी एका कंपनीला कसायला दिली, शेतावर एकदाही पाऊल टाकलं नाही, आणि पाच वर्षांनी गेले.

मे महिन्यातले गुरुवार तिने कसेबसे काढले. भाजी संपतच नव्हती. हे एक वेगळंच संकट होतं, कोणाला सांगितलं तर हसतील असं. मंडईत ती तीन गाजरं आणायची कारण तिला तीन गाजरं लागायची. आता घरात मुळे होते, पालेभाजी होती, सॅलडचे गड्डे होते, आणि मांगोल्ड होता. मोठ्या पानांचा, लाल-पिवळ्या देठांचा, बीटच्या पाल्याचा थोरला भाऊ शोभेल असा मांगोल्ड. दर आठवड्याला. शिजवला की हात दोन हात पानांचा मूठभर चिखल व्हायचा आणि तोंडात गंज चाटल्यासारखी चव राहायची. तिने तो बटाट्यात घातला, अंड्यात घातला, शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या दाराशी पिशवीत ठेवून आली. दुसऱ्या दिवशी पिशवी तिच्या दाराशी परत, वर चिठ्ठी: 'आभारी आहे, मला पोटाचा त्रास होतो.' फ्रीज उघडला की ओल्या मातीचा वास यायचा. तो वास तिला आवडत होता, आणि त्याचाच तिला राग येत होता. सकाळी कॉफी पिण्याआधी ती फ्रीजचं दार उघडून नुसती उभी राहायची आणि खालच्या कप्प्यात काळवंडत चाललेली पानं पाहायची. टाकून द्यायला हात होत नव्हता. खायला मन होत नव्हतं. एवढ्याशा कप्प्यात आपल्याला रोज तपासायला कोणालातरी बसवलंय असं वाटायचं.

"आवडतंय ना?" आंट्य रविवारी फोनवर विचारायची.

"हो. ताजं असतं."

"आणि माणसं?"

"माणसंही ताजी असतात."

आंट्य हसायची. रोझविथाला वाटायचं, आता सांगावं. पण काय सांगायचं? भाजी जास्त होते? की तुझ्या भेटीने माझ्या घरात तो भोंगा परत आणून ठेवला? आंट्यला आजोबा आठवायचे ते खिशात पेपरमिंट ठेवणारे, गप्प, मायाळू आजोबा म्हणून. ते तसेच होते. तिला आपण काय सांगणार होतो, की ते पुरेसे भांडले नाहीत?

जूनच्या पहिल्या गुरुवारी तिने टॉर्बनला विचारलं, "यातून बाहेर पडायचं असेल तर?"

"वर्षाच्या मध्ये?" त्याने भुवया उंचावल्या. "तसं नाही गं करता येत. म्हणजे, कोणी दुसरं घर मिळालं तर तुझा वाटा ते घेईल. पण का? काही बिनसलं?"

"मांगोल्ड," ती म्हणाली.

"अगं, त्याचे रोल कर! मी पाठवतो कृती." आणि मग भिंतीवरची दुसरी यादी पाहून तो म्हणाला, "आणि तुझे शेतावरचे कामाचे दिवसही बाकी आहेत, रोझविथा. वर्षाला तीन. तुझं नाव सप्टेंबरात टाकू?" ती हो म्हणाली. म्हणण्याशिवाय इलाज नव्हता. ट्रामची वाट पाहताना तिला हसू येत होतं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं. सही तिच्याकडूनही झालीच होती. फक्त तिच्या दारात भोंगा नव्हता, केक होता.

गारा पडल्या त्या मंगळवारी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला. ती इस्त्री करत होती. आधी उजेड पिवळा झाला, मग हिरवट. अंगणातल्या लिंडनच्या झाडातली पाखरं एकदम गप्प झाली, आणि मग कोणीतरी वरून खडीचा ट्रक ओतावा तसा आवाज सुरू झाला. खिडकीच्या पत्र्यावर अक्रोडाएवढ्या गारा आपटून उडत होत्या. खाली कोणाच्या तरी गाडीचा अलार्म बोंबलत होता. रोझविथाने इस्त्री उभी केली आणि खिडकीशी गेली, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो मांगोल्डचा. त्या मोठाल्या, उघड्या, मूर्ख पानांचा. तिने तो विचार झटकला. ढग कुठून कुठे सरकतोय ते ती पाहू लागली. पूर्वेकडे. शेत पूर्वेला होतं, तीस किलोमीटरवर. तिने ते कधी पाहिलं नव्हतं, पण कार्डावरच्या पत्त्यावरून जागा नकाशावर कुठे येते हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. सॅलड तर गेलंच. नवलकोलांना खड्डे पडतील. बटाट्याचा पाला... ती थांबली. "तुला काय करायचंय?" ती मोठ्याने म्हणाली. घरात दुसरं कोणी नव्हतं. अकरा मिनिटं गारा पडल्या. ती घड्याळ पाहत होती. इस्त्रीखालचा उशीचा अभ्रा तसाच राहिला. संध्याकाळी तिने सूप गरम केलं आणि ते तसंच भांड्यात गार झालं, तिच्या घशाखाली एक चमचा उतरेना. हे काय आहे, हे तिला समजत नव्हतं, आणि न समजणाऱ्या गोष्टींचा तिला आयुष्यभर संताप येत आला होता.

बुधवारी सकाळी ती पहिल्या गाडीने निघाली. कोणी बोलावलं नव्हतं. स्टेशनापासून दोन किलोमीटर चालली तेव्हा रस्त्याच्या कडेला अजून गारांचे मळकट ढीग होते आणि हवेत चिरलेल्या पाल्याचा तिखट हिरवा वास कोंदला होता. शेत दिसलं तेव्हा तिला ते आधी ओळखूच आलं नाही, शेत म्हणून. सॅलडच्या रांगांच्या जागी हिरवी लापशी सांडलेली होती. पॉलीहाऊसच्या छताला भोकंच भोकं. आणि मांगोल्डचे नुसते देठ उभे होते, लाल, पिवळे, पांढरे, पानांच्या चिंध्या लोंबत असलेले. गमबूट घातलेली, चेहरा सुजलेली एक बाई तिच्या दिशेने आली. तिशीची असेल. योरिंडं, शेत बघणारी. तिचा फोटो कार्डावर होता.

"आज कामाचा दिवस नाहीये," योरिंडं म्हणाली. "फोन तरी करून यायचं. आज मला कोणाला काही समजावून सांगायला वेळ नाही."

"मी समजून घ्यायला आलेली नाही," रोझविथा म्हणाली. "सुरी आहे का?"

योरिंडंने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रोझविथाचे बूट चालायचे होते, शेताचे नव्हते. मग तिने कमरेची सुरी काढून दिली. "मांगोल्ड. बुडापासून दोन बोटं सोडून कापायचा. मधला कोंब दुखावू नकोस, तो राहिला तर परत फुटेल. खाण्यासारखं असेल ते क्रेटमध्ये, बाकीचं तिथेच टाक."

"फाटलेली पानं खाण्यासारखी?"

"शिजल्यावर कोणती पानं अख्खी राहतात?"

रोझविथा गुडघ्यांवर बसली. माती गार होती, लगेच पॅन्टमधून आत शिरली. आणखी सहा-सात माणसं आली होती, दूर नवलकोलांच्या रांगेत ओणवी झाली होती. कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. देठ कापला की करकरीत आवाज यायचा आणि बोटं लाल व्हायची. पहिल्या रांगेत तिने चार कोंब तोडले आणि प्रत्येक वेळी स्वतःला शिवी दिली. दुसऱ्या रांगेत हात बसला. कंबर दुखायला लागली, मग दुखणं बधिर झालं. कोणावर चिडलोय आपण, हे तिला कापता कापता नीट ठरवता येईना. ढगावर चिडून उपयोग नव्हता. टॉर्बनवर चिडावं एवढा तो मोठा नव्हता. राग मात्र होता, खांद्यांत, मनगटात, सुरीच्या मुठीवर. आणि तो कामाला येत होता. साडेबारापर्यंत तिच्या मागे तीन रांगा झाल्या होत्या, बुटक्या, स्वच्छ, केस कापल्यासारख्या.

दुपारी शेडसमोरच्या फळ्यांवर सगळे बसले. कोणीतरी मोठ्या पातेल्यात त्याच फाटक्या पानांचं आणि बटाट्यांचं सूप केलं होतं. सोबत पाव. रोझविथाने पहिला चमचा तोंडात घातला आणि तिला कळलं की आपल्याला भयंकर भूक लागली आहे. तिने वाडगा संपवला. आणखी मागितलं. पावाने वाडगा पुसला. समोर सगळं शेत चिंध्या होऊन पडलं होतं, आणि तिला अन्न गोड लागत होतं. पावाचा शेवटचा तुकडा तोंडाशी नेताना ती एकदम थांबली.

चौसष्टचा ऑगस्ट. ती अकरा वर्षांची. संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या राय धान्याच्या उभ्या पिकावर गारा पडल्या होत्या, आडवं झालं होतं सगळं, कापणीला चार दिवस राहिले असताना. ओढ्यापलीकडचं, म्हणजे पूर्वी त्यांचं होतं ते. ती धावत जाऊन बघून आली होती, रडून आली होती. घरात आली तर बाबा जेवत होते. उकडलेले बटाटे, चक्का, जवसाचं तेल. भिजलेली टोपी बाकावर, केस कपाळाला चिकटलेले, आणि ते जेवत होते, दिवसभर राबलेल्या माणसासारखे, पुढे झुकून. याआधीची गारपीट तिला आठवत होती. ती पाच वर्षांची असतानाची, जमीन त्यांची होती तेव्हाची. तेव्हा बाबा तीन दिवस जेवले नव्हते. रात्री गोठ्यात बसून असायचे आणि आई दाराशी उभी राहून त्यांचं नाव घेऊन हाका मारायची. त्या ऑगस्टात मात्र रोझविथा दाराशीच उभी राहून म्हणाली, "बाबा, आता आपलं नाही म्हणून जेवण जातंय ना तुम्हाला?" आईने तिच्या थोबाडीत मारली. आईने मारण्याची ती एकच वेळ. बाबांनी मान वर केली नाही. हे सगळं ती विसरली नव्हती. ते तिच्या आत एका ठरलेल्या जागी ठेवलेलं होतं, पुरावा म्हणून. आज पहिल्यांदाच तिला त्या खोलीत बाबांच्या बाजूने बसल्यासारखं झालं, टेबलाच्या आतल्या अंगाला, पाठ चुलीकडे. ते सकाळी सहापासून शेतात होते. त्यांना भूक लागली होती. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

योरिंडं शेजारी येऊन बसली. तिच्या नखांत माती होती.

"रात्री झोप लागली का तुला?" रोझविथाने विचारलं. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं की ती योरिंडंला तू म्हणाली.

योरिंडंने पावाचा तुकडा मोडला. "लागली," ती म्हणाली. "कोणाला सांगू नकोस. आधी रडले, मग आंघोळ केली आणि मेल्यासारखी झोपले. सकाळी उठल्यावर लाज वाटली." पाव चावत म्हणाली, "आमच्याकडे उत्तरेत, माझ्या बाबांचं असं काही झालं की ते झोपायचे नाहीत. आठवडा आठवडा. आम्ही मुलं चवड्यांवर चालायचो घरात. शेवटी विकलंच त्यांनी."

"मग हे तुझं नाही म्हणून झोप लागते?" रोझविथाचा आवाज तिच्या इच्छेपेक्षा धारदार आला. दोन-तीन जणांनी वळून पाहिलं.

योरिंडंने खांदे उडवले. तिला राग आला नाही, ती फक्त दमलेली होती. "असेल. माहीत नाही. दोनशे तीस घरांना उद्या मला लिहायचंय की पुढचे पाच आठवडे तुम्हाला जवळजवळ काही मिळणार नाही. ते लिहायचं कसं हे सांग, बाकीचं राहू दे." मग म्हणाली, "तो पाव दे इकडे."

रोझविथाने पाव दिला. तिला त्या पोरीला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि तिच्या मातीच्या हातावर हात ठेवावासा वाटत होता. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती उठली आणि संध्याकाळपर्यंत आणखी चार रांगा कापल्या.

परतीची गाडी अर्धा तास उशिरा होती. फलाटावर बाक एकच, त्यावर ती पाय पसरून बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत चिंध्या झालेला मांगोल्ड. उद्याचा वाटा योरिंडंने आजच दिला होता, तोलून, अर्धा. तिने फोन काढला.

"आई?" आंट्य म्हणाली. "काय झालं? आज बुधवार आहे."

"मला मांगोल्ड आवडत नाही," रोझविथा म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आवडत नाही. अर्धा नुसता फ्रीजमध्ये सडतो."

"बरं..." पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "मग बंद करूया ना. मी बोलते त्यांच्याशी. आई, तू रडतेयस का? कुठे आहेस?"

"शेतावर गेले होते. शनिवारी परत जाणार आहे. बोलू नकोस कोणाशी." तिने नाक पुसलं, हाताला हिरवा वास होता. "तुला आजोबांचं एक सांगायचंय."

"आत्ता? मी कामावर..."

"आत्ताच. नाहीतर मी सांगणार नाही."

आणि तिने सांगितलं. तिला ते नीट सांगता आलं नाही. आधी आडवं झालेलं पीक सांगितलं, मग मागे जाऊन गोठा, मग गाडीवरचा भोंगा, मग पुन्हा पुढे येऊन टेबल, बटाटे, ओली टोपी. आपण दाराशी उभं राहून काय म्हणालो ते सांगताना तिचा आवाज अकरा वर्षांच्या मुलीसारखा बारीक झाला. फलाटाच्या टोकाला एक बाई सायकल घेऊन उभी होती, ती दुसरीकडे पाहू लागली. रोझविथाचं बोलणं संपलं. दूर रुळांवर गाडीचे दिवे दिसू लागले.

"मग आजोबा काय म्हणाले?" आंट्यने हळूच विचारलं.

"काही नाही. मीठ मागितलं."

"आणि तू दिलंस?"

"नाही," रोझविथा म्हणाली. "आईने दिलं."